पोर्ट बावीस

नवा स्विच काल तिबिलिसीहून आला,
अठ्ठेचाळीस तोंडांचा,
अंगाला अजून फोमचा वास.
कुताइसीच्या प्रसूतिगृहाचं तळघर.
शेजारी चादरी धुणारं यंत्र,
आणि रॅकच्या माथ्यावर कुणीतरी अक्रोड वाळत घातलेत,
कारण ऊब काय ती इथेच.

सत्तेचाळीस दिवे हिरवे.
बावीस मात्र
लागतो, विझतो, लागतो,
दारातूनच येऊ का, येऊ का
करणाऱ्या पाहुण्यासारखा.

मी सांगितलंय, हजार.
बावीस वरच्याला विचारतो, जमेल हजार?
वरचा म्हणतो, न जमायला काय झालं!
(वरही आता स्विचच आहे, याचा धाकटा भाऊ, एकाच खोक्यातून आलेला.)
बोलणी पक्की.
मग आठ तारा मोजायला जातात
तर हाताला चारच लागतात.
मोडलं.
की पुन्हा पहिल्यापासून, जमेल हजार?
अशी एक सोयरीक आमच्या घरात झालीय.

केबल बाहेर ओढली. करडी, ताठर,
गळ्यात चिठ्ठी,
नुगझर गोगुआची गुबगुबीत अक्षरं:
'तिसरा मजला. अर्धी तुझी, अर्धी माझी.'

त्यानं ही भिंतीत घातली तेव्हा
गावाला दिवसातून चार तास वीज,
आणि केबल मीटरवर नाही, ओळखीवर मिळायची.
मला रंग त्यानंच शिकवले, याच स्टुलावर,
दातांनी साल सोलत:
पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी…
सरळ केबल म्हणजे दोन्ही टोकांना तोच पाढा.
उलटीला एका टोकाला हिरवी आधी.
'कारण दोन स्विच समोरासमोर आले ना, पोरी,
की दोघंही एकाच जोडीवर बोलतात
आणि दुसऱ्या जोडीला दोघंही कान लावून बसतात.
मधे कुणीतरी हात फिरवून द्यावे लागतात.'
मी हसले होते.
आता पोर्ट आपले आपण ओळखतात,
सरळ काय नि उलटी काय.
पाढा कुणी विचारत नाही.

म्हटलं, निळ्या-तपकिरी तर रिकाम्याच लोंबतायत,
दोन वेगळ्या तांब्याच्या खिळ्यांना गुंडाळून.
तोडू, आठही तारांचं नवं टोक लावू.
पक्कड टेकली मात्र,
वर कुठेतरी घंटा.
मग जिन्यावर सपाता,
आणि दारात त्सिआला, धापा टाकत:
'आठ नंबरची तर गाढ झोपलीय!
घंटा वाजवली कुणी?'

अर्धी माझी.
म्हणजे ही.

पक्कड खिशात टाकली.
दोन्ही स्विचना दरडावून सांगितलं:
शंभर. चर्चा नको.
दिवा होता तोही मेला.

मग कळलं. नुसता हुकूम पाळायचा म्हटल्यावर
पोर्ट ओळखायचंच सोडून देतो.
सरळ केबल, दोन स्विच,
दोघंही एकाच जोडीवर बोलतायत
आणि दुसरीला कान लावून बसलेत.
स्टूल रिकामं होतं. तरी मी वळून पाहिलं.

हुकूम मागे घेतला. लिहिलं:
बोलणी चालू राहू देत, हवं ते विचारा,
फक्त शंभराच्या वर बोली लावू नका.

दिवा लागला. पिवळा.
एक मिनिट. दोन.
तिसऱ्या मजल्यावरून कुणाचं तरी रक्तगट, वजन,
आठवडे छत्तीस,
हळूहळू खाली उतरायला लागलं.

वर्णनाच्या रकान्यात, जिथे लोक 'प्रिंटर' वगैरे लिहितात,
मी टाइप करत होते:
वेग वाढवू नये. तारा कापू नयेत.
निम्मी केबल आपली नाही.
त्सिआला रॅकवरचे दोन अक्रोड मुठीत फोडत उभी,
गरम आहेत गं, म्हणाली.

घंटा वाजली.

माझे दोन्ही हात कीबोर्डवर होते.